दोन युद्धे आणि एक गीतकार : कवी प्रदीप यांचे जीवन

भारतीय भाषांच्या वाङ्मयेतिहासात चित्रपटगीताला फारसे स्थान मिळालेले नाही. ग्रंथरूपाने प्रसिद्ध होणारी कविता ही अभ्यासाची वस्तू आणि तबकडीवरून ऐकू येणारे गीत ही करमणुकीची वस्तू, असा भेद अभ्यासकांनी दीर्घकाळ मानला. परंतु युद्धाच्या दिवसांत समाजाच्या मनात काय चालले होते हे शोधू लागले की हा भेद टिकत नाही. अशा काळात ग्रंथ मागे पडतात, वृत्तपत्रांवर नियंत्रण येते, नभोवाणी शासनाच्या ताब्यात असते, आणि लोकांच्या तोंडी उरते ते गाणे. हिंदी चित्रपटसृष्टीतील कवी प्रदीप यांचे जीवन या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. दुसरे महायुद्ध आणि १९६२ चे भारत-चीन युद्ध या दोन्ही प्रसंगी देशाच्या मोठ्या भागाने आपली भावना व्यक्त करण्यासाठी त्यांचे शब्द उचलले. या दोन गीतांमध्ये वीस वर्षांचे अंतर आहे. पहिले गीत परकीय सत्तेच्या डोळ्यांत धूळ फेकणारे होते, तर दुसरे स्वतंत्र देशाच्या पंतप्रधानांसमोर गायिले गेले. एकाच कवीच्या लेखणीतून आलेल्या या दोन रचना परस्परांशेजारी ठेवल्या म्हणजे युद्धकालीन लोकभावना आणि सत्ता यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, याचा उलगडा होऊ लागतो.

प्रदीप यांचे मूळ नाव रामचंद्र नारायणजी द्विवेदी. त्यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९१५ रोजी उज्जैनजवळील बडनगर या गावी झाला. हा माळव्याचा प्रदेश त्या काळी ग्वाल्हेर संस्थानात, म्हणजे शिंद्यांच्या राज्यात मोडत असे. शालेय शिक्षणाचा काही काळ इंदूर येथे गेला. पुढील शिक्षणासाठी ते प्रयागला गेले आणि लखनौ विद्यापीठातून पदवीधर झाले. शिक्षक व्हावे, असा त्यांचा मानस होता. विद्यार्थिदशेतच ते कविसंमेलनांतून कविता म्हणू लागले होते. १९३० नंतरच्या दशकातील उत्तर हिंदुस्थानातील कविसंमेलन ही संस्था समजून घेतल्याशिवाय प्रदीप यांची घडण कळणार नाही. हजारोंच्या समुदायासमोर, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या या संमेलनांत कविता वाचली जात नसे, ती म्हटली आणि कित्येकदा गायिली जात असे. छायावादी कवितेची सूक्ष्म, तरल शब्दकळा पुस्तकात शोभून दिसे, पण संमेलनाच्या मैदानात शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचायचे तर शब्द सरळ, लय ठसठशीत आणि ध्रुपद लगेच पाठ होणारे हवे. ही शिस्त प्रदीप यांनी तेथे आत्मसात केली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांचा आवाजही साधा, किंचित अनुनासिक, पण खणखणीत होता. पुढे आपली काही गीते त्यांनी स्वतःच गायिली आणि ती त्यांच्याच आवाजात लोकांच्या कानात राहिली.

१९३९ मध्ये एका कविसंमेलनाच्या निमित्ताने ते मुंबईस आले. त्यांचे काव्यगायन बॉम्बे टॉकीजपर्यंत पोहोचले आणि या संस्थेचे संस्थापक हिमांशु राय यांनी त्यांना आपल्याकडे बोलावून घेतले. हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी १९३४ मध्ये मालाड येथे उभारलेला हा स्टुडिओ त्या वेळी देशातील सर्वांत सुसज्ज चित्रसंस्थांपैकी एक होता आणि तेथील कित्येक तंत्रज्ञ जर्मन होते. प्रदीप यांना 'कंगन' या चित्रपटाची गीते लिहिण्याचे काम मिळाले. नायक अशोककुमार, नायिका मराठी रंगभूमीवरून आलेल्या लीला चिटणीस आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन. चित्रपटाचे काम चालू असतानाच सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध भडकले आणि ऑस्टेन यांना जर्मन नागरिक म्हणून इंग्रज सरकारने स्थानबद्ध केले. छायाचित्रकार योसेफ विर्शिंग यांच्यावरही तोच प्रसंग ओढवला. अशा रीतीने प्रदीप यांच्या चित्रपटजीवनाच्या पहिल्याच पायरीवर महायुद्धाने हजेरी लावली. हिंदुस्थानच्या लोकप्रतिनिधींना न विचारता व्हाइसरॉयने देशाला युद्धात ओढले होते. मालाडच्या स्टुडिओतील रिकाम्या झालेल्या खुर्च्या या निर्णयाचा एक छोटासा, पण डोळ्यांसमोरचा परिणाम होत्या. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, हिमांशु राय यांचे निधन झाले.

याच वर्षी 'बंधन' प्रदर्शित झाला. या चित्रपटातील तरुणांना उद्देशून लिहिलेले, अखंड पुढे जात राहण्याचा संदेश देणारे प्रदीप यांचे संचलनगीत घरोघरी जाऊन पोहोचले. संगीत सरस्वतीदेवी आणि रामचंद्र पाल यांचे होते. शब्दांत राजकीय असे काहीच नव्हते. कोणत्याही पक्षाचे नाव नाही, कोणत्याही शत्रूचा उल्लेख नाही. तथापि १९४० चे वर्ष लक्षात घेतले म्हणजे या गीताच्या यशाचे मर्म कळते. प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते, वैयक्तिक सत्याग्रह सुरू होण्याच्या बेतात होता, युद्ध दूर होते आणि देशाचे राजकारण थबकल्यासारखे झाले होते. या थबकलेपणात कुठे जायचे हे न सांगता केवळ चालत राहण्याचे आवाहन करणारे गीत तरुणांना आपले वाटले. दिशेचा उल्लेख नसल्यामुळेच प्रत्येकाला त्यात आपली दिशा भरता आली. लोकप्रिय गीताचे हे सामर्थ्य प्रदीप यांनी या वेळी ओळखले असावे, कारण तीन वर्षांनंतर त्यांनी त्याचा फार जाणीवपूर्वक उपयोग केला.

१९४२ हे साल हिंदुस्थानच्या इतिहासात दोन अर्थांनी युद्धाचे होते. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले, एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे जपानी बाँब पडले. ब्रह्मदेशातून पायी चालत आलेल्या निर्वासितांच्या कहाण्या सर्वत्र पसरल्या. ज्या साम्राज्याच्या बळाची धास्ती दोन पिढ्यांनी घेतली होती, ते आपल्या प्रजेचे रक्षण करू शकत नाही हे लोकांना दिसले. ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत' ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सर्व प्रमुख नेते कैदेत गेले. त्यानंतरच्या महिन्यांत देशात जे घडले ते वृत्तपत्रांत पूर्णपणे येऊ शकत नव्हते. मुंबईतूनच काही तरुण मंडळी गुप्त नभोवाणी केंद्र चालवीत होती, तेही नोव्हेंबरमध्ये पोलिसांच्या हाती लागले. म्हणजे ज्या वेळी जनतेच्या मनात सर्वाधिक खळबळ होती, त्याच वेळी ती बोलून दाखविण्याचे सारे उघड मार्ग बंद झाले होते.

या पार्श्वभूमीवर १९४३ मध्ये ग्यान मुखर्जी यांनी दिग्दर्शित केलेला 'किस्मत' प्रदर्शित झाला. चित्रपटाची कथा एका खिसेकापू नायकाची. युद्धाशी किंवा राजकारणाशी तिचा संबंध नाही. परंतु त्यात रंगमंचावर सादर होणारे एक समूहगीत आहे. 'दूर हटो ऐ दुनियावालो' या नावाने ते ओळखले जाते. संगीत अनिल विश्वास यांचे, स्वर अमीरबाई कर्नाटकी, खान मस्ताना आणि समूहाचे. हिमालयाच्या माथ्यावरून दिलेल्या आव्हानाने गीताला प्रारंभ होतो, देशातील स्मारके आणि सर्व धर्मांची पूजास्थाने त्यात क्रमाने येतात आणि परक्यांनी या भूमीपासून दूर व्हावे असे ठणकावून सांगितले जाते. एके ठिकाणी जर्मन आणि जपानी यांची नावे घेऊन त्यांच्यापुढे न वाकण्याचा उपदेश केला आहे. ही दोन नावे म्हणजे या गीताचा परवाना होती. शासनाच्या दृष्टीने जर्मनी व जपान यांना विरोध करणारे गीत हे युद्धप्रयत्नांना साह्यकारक ठरत होते. प्रेक्षकांच्या दृष्टीने मात्र देशातून दूर व्हावयाचे ते परके कोण, याविषयी तिळमात्र संदेह नव्हता. बर्लिन आणि टोकियोचे सैन्य अद्याप सीमेबाहेर होते. देशात ठाण मांडून बसलेले परके वेगळेच होते.

या दुहेरी अर्थाची चतुराई बहुतेकांनी वाखाणली आहे. परंतु तिला केवळ युक्ती समजणे अपुरे होईल. १९४३ मधील सर्वसामान्य हिंदी माणसाचे मनच दुहेरी होते. जपानी आक्रमणाची भीती खरी होती, नाझी सत्तेविषयीची घृणाही खरी होती, आणि इंग्रज राजवटीविषयीचा संताप या दोहोंपेक्षा कमी खरा नव्हता. नेत्यांना आणि पक्षांना यांपैकी एक भावना निवडावी लागली. मुंबईच्या गिरणगावात त्याच सुमारास अण्णा भाऊ साठे स्टालिनग्राडचा पोवाडा गात होते. फॅसिझमविरुद्धचे युद्ध हे लोकयुद्ध आहे, अशी त्यांच्या पक्षाची भूमिका होती आणि सोव्हिएत सैनिकांच्या पराक्रमाने कामगारवस्ती भारावून जात होती. दुसरीकडे भूमिगत चळवळीला इंग्रजांचा पराभव हाच आसन्न प्रश्न वाटत होता. एकाच शहराच्या दोन टोकांना, मालाडला आणि परळ-लालबागला, एकाच युद्धाविषयी दोन वेगळी गीते जन्मास येत होती. शाहिराच्या पोवाड्याला निश्चित बाजू होती. त्याचा श्रोता त्याच्या समोर बसलेला आणि बहुधा त्याच्या मताचा होता. चित्रपटगीताचा श्रोता अनोळखी, विखुरलेला आणि नाना मतांचा. प्रदीप यांच्या गीताने त्याला बाजू निवडण्याची सक्ती केली नाही. त्याच्या सर्व परस्परविरोधी भावनांना एकाच ध्रुपदात जागा दिली. म्हणूनच ते गीत एवढे पसरले.

प्रेक्षकांनी गीत पुन्हा दाखविण्याचा हट्ट धरावा आणि चित्रपटगृहचालकांना रीळ मागे घ्यावे लागावे, अशा आठवणी त्या काळातील अनेकांनी सांगितल्या आहेत. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात 'किस्मत' तीन वर्षांहून अधिक काळ चालला. ही गोष्ट केवळ व्यावसायिक विक्रम म्हणून नोंदवून भागणार नाही. ज्या शहरात हा चित्रपट चालू होता, त्याच शहराच्या फूटपाथवर १९४३ च्या दुष्काळातील माणसे अन्नावाचून मरत होती. सैन्यासाठी धान्य होते, नावा जप्त झाल्या होत्या, भाव आकाशाला भिडले होते. त्या कलकत्त्यात दररोज अंधाऱ्या सभागृहात शेकडो माणसे एकत्र बसून परक्यांना निघून जाण्यास सांगणारे गीत ऐकत होती. रस्त्यावर जी सभा भरविण्यास बंदी होती ती पडद्यासमोर भरत होती, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये. गीताचा खरा रोख शासनाच्याही ध्यानात येऊ लागला, तेव्हा प्रदीप यांच्यावर अटकेची तलवार लटकू लागली आणि काही काळ त्यांना अज्ञातवासात राहावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

युद्ध चालू असतानाच बॉम्बे टॉकीजमधील अशोककुमार, शशधर मुखर्जी प्रभृती मंडळींनी बाहेर पडून फिल्मिस्तान ही संस्था काढली. तिच्या १९४४ मधील पहिल्या चित्रपटाचे नावच प्रदीप यांच्या 'बंधन'मधील संचलनगीतावरून ठेवण्यात आले आणि त्याची गीतेही त्यांनीच लिहिली. युद्ध संपले, स्वातंत्र्य आले, पण ते फाळणीच्या रक्तपातासह आले. या आघाताचे पडसाद प्रदीप यांच्या रचनेत काही वर्षांनी उमटले. १९५४ च्या 'नास्तिक' या चित्रपटासाठी त्यांनी ईश्वराला उद्देशून एक गीत लिहिले आणि स्वतःच्याच आवाजात गायिले. माणूस किती बदलला आहे याची कैफियत देवासमोर मांडणारे हे गीत होते. येथे परका शत्रू नाही. शत्रू आणि पीडित दोघेही आपलेच आहेत. 'किस्मत'मधील आव्हानाचा सूर येथे पूर्णपणे ओसरलेला दिसतो. चित्रपटाचे संगीत सी. रामचंद्र यांचे होते. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर आणि माळव्याचे रामचंद्र द्विवेदी या दोन नामबंधूंचे हे सहकार्य पुढे १९५९ च्या 'पैगाम'मध्येही चालू राहिले आणि अखेर १९६३ मध्ये त्याला सर्वांत मोठी परीक्षा द्यावी लागली.

१९५४ च्याच 'जागृति' या चित्रपटातील गीतांनी प्रदीप यांना शाळाशाळांत नेले. हेमंतकुमार यांच्या संगीतातील या गीतांपैकी एकात शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना देशाच्या सहलीवर नेतो. राजस्थान, शिवाजी महाराजांचा महाराष्ट्र, जालियनवाला बाग, बंगाल असा हा प्रवास आहे आणि प्रत्येक प्रदेशाची ओळख त्याच्या लढ्यावरून करून दिली आहे. १९४३ च्या गीतातील स्मारकांची यादी येथे विस्तारून इतिहासाचा धडा बनली. याच गीतांच्या बाबतीत एक उद्बोधक घटना घडली. काही वर्षांतच पाकिस्तानात 'बेदारी' हा चित्रपट निघाला. त्यात 'जागृति'ची कथा तर घेतलेली होतीच, शिवाय गीतांच्या चालींवर नवे शब्द बसविले होते. देश बदलला, स्थळे बदलली, वीर बदलले, चाल तीच राहिली. देशभक्तिपर गीताचा साचा राष्ट्राच्या सीमेबाहेर सहज जाऊ शकतो, हे या घटनेने दाखविले. त्या गीताला खरा अर्थ देतो तो ऐकणाऱ्याच्या स्मृतीचा भाग. १९६२ नंतर या विधानाचा प्रत्यय अधिक तीव्रपणे आला.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने लडाख आणि ईशान्य सीमा प्रदेश या दोन्ही आघाड्यांवर मोठा हल्ला चढविला. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. महिन्याभराच्या या अवधीत स्वतंत्र भारताने आपला पहिला मोठा लष्करी पराभव अनुभवला. लोकांची प्रतिक्रिया दुहेरी होती. एकीकडे स्त्रिया अंगावरचे दागिने संरक्षण निधीला देत होत्या, तरुण भरतीसाठी रांगा लावीत होते, गावोगावी सभा होत होत्या. दुसरीकडे सैनिकांना थंडीचे पुरेसे कपडे आणि नव्या बंदुका का मिळाल्या नाहीत, हा प्रश्न धगधगत होता. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीस बोलावण्यात आले. हिमालयाच्या साहाय्यास सह्याद्री गेला, अशा शब्दांत मराठी माणसाने त्या घटनेचे वर्णन केले. मराठी कवितेतही कुसुमाग्रज आणि वसंत बापट यांच्यासारख्या कवींनी उत्तर सीमेवरील आघाताला शब्दरूप दिले. या काळातील बहुसंख्य रचना आवेशाच्या होत्या. शत्रूला धडा शिकविण्याची, रक्त सांडण्याची, शपथ घेण्याची भाषा त्यांत होती. पराभव झाला आहे ही गोष्ट मात्र फारशी कोणी उच्चारीत नव्हते.

प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगो' हे गीत या आवेशापासून दूर उभे राहते. ते कोणत्याही चित्रपटासाठी लिहिलेले नव्हते. लडाखमधील रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँ पलटणीच्या तुकडीने अखेरच्या माणसापर्यंत लढत दिली. शंभराहून अधिक जवान तेथे पडले आणि त्यांतील कित्येकांचे देह हिवाळ्यात बर्फाखाली राहिले. सीमेवरून येणाऱ्या अशा वार्तांनी कवी व्याकूळ झाला होता. माहीमच्या समुद्रकिनारी फिरत असताना पहिल्या ओळी सुचल्या आणि जवळ कागद नसल्याने त्या सिगारेटच्या पाकिटावर उतरवून घेतल्या, अशी आख्यायिका या गीताभोवती रूढ आहे.

गीताची रचना पाहिली म्हणजे कवीचे नेमके धोरण ध्यानी येते. आरंभी श्रोत्याला जयघोष करण्यास मोकळीक दिली आहे. पाठोपाठ सीमेवर प्राण गमावलेल्यांची आठवण करून देऊन तो जयघोष थांबविला आहे. देशात दिवाळी चालू असताना तिकडे काय चालले होते, हे एका विरोधाने दाखविले आहे. शीख, जाट, मराठा, गुरखा, मद्रासी अशी नावे घेऊन अखेरीस सर्वांच्या रक्ताची एकच ओळख सांगितली आहे. शत्रूचे नाव कोठेही नाही. विजयाचे आश्वासन नाही, सूडाची शपथ नाही. श्रोत्याकडून एकच कृती अपेक्षिली आहे, ती म्हणजे डोळ्यांत पाणी येऊ देणे. आवेशाच्या वातावरणात शोकाला परवानगी देणारे हे गीत होते. घरोघरी दबलेली वेदना, हरलो ही न बोललेली जाणीव, मेलेल्यांविषयीची अपराधी भावना या साऱ्यांना त्याने वाट करून दिली. १९४३ च्या गीतात हिमालय हे आव्हान देण्याचे उंच स्थान होते. १९६३ च्या गीतात तोच हिमालय जखमी झालेला आहे. एकाच प्रतिमेचे हे दोन टप्पे वीस वर्षांतील देशाच्या मनःस्थितीचा आलेख काढून दाखवितात.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये जवानांच्या साहाय्यार्थ चित्रपट कलावंतांचा मोठा कार्यक्रम झाला. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू उपस्थित होते. सी. रामचंद्र यांच्या संगीतात लता मंगेशकर यांनी हे गीत गायिले. या दोघांमध्ये आधी काही वर्षे दुरावा होता, तो या गीतापुरता बाजूला ठेवण्यात आला. चाल संथ आहे. प्रारंभीचा भाग जवळजवळ पठणाच्या ढंगाने येतो आणि वाद्ये शब्दांच्या मागे राहतात, त्यामुळे अर्थ पहिल्याच श्रवणात मनात उतरतो. गीत ऐकून नेहरूंचे डोळे पाणावले ही गोष्ट त्यानंतर सर्वत्र सांगितली गेली. ज्याच्या शब्दांनी ही किमया केली तो कवी मात्र त्या समारंभात नव्हता.

येथेच या जीवनकथेतील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. १९४३ मध्ये प्रदीप यांचे गीत सत्तेपासून लपून जनतेशी बोलत होते. १९६३ मध्ये त्यांचे गीत सत्तेसमोर गायिले गेले आणि सत्तेने जनतेबरोबर अश्रू ढाळले. शोकाची ही एकरूपता लोकांना धीर देणारी होती यात संशय नाही. परंतु पराभवाचे रूपांतर बलिदानात झाले की कोणाच्या चुकीमुळे हे बलिदान द्यावे लागले, हा प्रश्न मागे पडतो. पराभवाची मीमांसा करण्यासाठी सैन्याने हेंडरसन ब्रुक्स व भगत या अधिकाऱ्यांकडून १९६३ मध्ये अहवाल तयार करवून घेतला. तो अनेक दशके गुप्त राहिला. २०१४ मध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराकडून उघड झाला. म्हणजे गीत दरवर्षी ऐकले जात राहिले आणि अहवाल कपाटात राहिला. याचा दोष कवीकडे जात नाही. मृतांना विसरू नका एवढेच त्याने सांगितले होते आणि खऱ्या अर्थाने न विसरणे यात कारणे विचारणेही समाविष्ट असते. समाजाने मात्र त्यातील अश्रू स्वीकारले आणि प्रश्न टाळला. युद्धकाळातील लोकप्रिय गीत समाजाच्या भावनांचे प्रतिबिंब दाखविते तेव्हा, समाजाला जे पाहावयाचे नाही तेही त्याच्या कडांवर उमटलेले असते.

या गीताच्या उत्पन्नासंबंधी प्रदीप यांची इच्छा स्पष्ट होती. ते युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या साहाय्यासाठी जावे, असे त्यांनी ठरविले होते. त्यांच्या निधनानंतर हा विषय न्यायालयात गेला आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीला मानधनाची रक्कम युद्धविधवांच्या निधीस देण्याचा आदेश दिला. शब्दांत व्यक्त केलेल्या ऋणाची परतफेड रुपयांत व्हावयास इतकी वर्षे लागावीत, ही बाबही युद्धगीतांच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

उत्तरायुष्यात प्रदीप यांनी आपल्या सरळ भाषेचा उपयोग भक्तिगीतांसाठी केला. १९७५ च्या 'जय संतोषी माँ' या चित्रपटाची गीते त्यांची होती आणि या अल्पखर्चाच्या चित्रपटाने त्या वर्षी मोठे यश मिळविले. चित्रपटगृहात पादत्राणे बाहेर ठेवून बसणाऱ्या प्रेक्षकांच्या तोंडी त्यांचे शब्द पुन्हा गेले. वस्तुतः 'किस्मत'चा प्रेक्षक आणि हा प्रेक्षक यांत एक सातत्य आहे. दोघेही पडद्यासमोर एकटे पाहणारे म्हणून न बसता एका समुदायाचा भाग म्हणून बसतात. प्रदीप यांनी आयुष्यभर या समुदायासाठीच लिहिले. त्यांना चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च मानला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार १९९७ या वर्षासाठी देण्यात आला. ११ डिसेंबर १९९८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रदीपकुमार नावाचा अभिनेता प्रसिद्ध झाल्यावर घोटाळा टाळण्यासाठी त्यांच्या नावामागे 'कवी' हा शब्द लागला आणि तो कायम राहिला. ग्रंथस्थ काव्याच्या अभ्यासकांनी ही पदवी त्यांना सहजासहजी दिली नसती. ती त्यांना व्यवहारातील एका सोयीने मिळाली आणि लोकांनी ती मान्य केली.

काव्यगुणांच्या रूढ कसोट्यांवर प्रदीप यांची रचना अनेकदा उणी ठरेल. तिच्यात प्रतिमांची नवलाई कमी आहे, उपदेशाचा भाग बराच आहे, ओळी कित्येकदा घोषवाक्यासारख्या वाटतात. तथापि १९४३ आणि १९६३ या दोन क्षणी देशाला जे म्हणावयाचे होते आणि म्हणता येत नव्हते, ते त्यांच्या साध्या शब्दांत बसले. पहिल्या वेळी भय होते सत्तेचे, दुसऱ्या वेळी लाज होती पराभवाची. भारतीय भाषांतील युद्धकालीन साहित्याचा विचार करताना पोवाडा, संचलनगीत, तबकडीवरील गाणे आणि पडद्यावरील समूहगान ही सामग्री ग्रंथस्थ कवितेच्या शेजारी मांडून अभ्यासली गेली, तर बडनगरच्या या कवीला त्या अभ्यासात टाळून पुढे जाता येणार नाही.